ओवाळून टाकलेली कोंबडी

“पण मी करायचं बाकी काय ठेवलं होतं, बाबा?”

प्रल्हाद बिराडेनं कमरुशा फकिराला हे तिसऱ्यांदा विचारलं. सहा हजार कोंबड्यांचं शेड, गावात शिकलेला पोल्ट्रीवाला म्हणून नाव. शेडच्या दारात औषधी पाण्याचं कुंड. त्यात बूट बुडवल्याशिवाय त्यानं तलाठ्यालाही कधी आत सोडलं नव्हतं.

तरी बर्ड फ्लू आला. सरकारी पथकानं त्याचे सगळे पक्षी मारून पुरले. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं एकेक खुराडं रिकामं केलं. हद्दीवरच्या तकियातल्या झोपडीत राहणाऱ्या कमरुशाच्या पाच कोंबड्याही गेल्या.

वर वस्तीचा राग फकिरावरच. प्रल्हादच्या शेडातली कोंबडी यानंच चोरून आणली आणि रोग पसरवला, असं सगळे म्हणत. चार दिवस तकियात कुणी भाकरी धाडली नव्हती.

“सगळं केलंस?” कमरुशानं विचारलं.

“सगळं.”

फकीर उठला. खुंटीवरचा लाल दोरा काढून त्यानं प्रल्हादसमोर ठेवला.

प्रल्हादनं दोरा लगेच ओळखला. पहिल्याच दिवशी चाळीस कोंबड्या मेल्या, तेव्हा डॉक्टरांना फोन करायचं सोडून त्यानं एक धडधाकट कोंबडी शेडवरून ओवाळली होती. लाल दोऱ्यानं पाय बांधून तिला हद्दीपलीकडे ठेवून आला होता. असल्या खुळांची टर उडवण्यात एरवी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या दिवशी घाबरला आणि आज्जा करायचा तेच करून बसला.

“वाटलं, कुणाची तरी चुकून राहिली,” कमरुशा म्हणाला. “पाय सोडले, पाणी पाजलं. तीन दिवस जगली माझ्या कोंबड्यांत. तुझ्या शेडात रोग आल्याचं कळलं, तेव्हा दोऱ्याचा अर्थ लागला.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं प्रल्हादला झालं. वस्तीच्या बैठकीत फकिराला चोर ठरवलं, तेव्हा तोही मान डोलावून आला होता. लाजेनं त्याला वर बघवेना.

“तुम्हाला ठाऊक होतं... मग माझं नाव का नाही घेतलंत?”

कमरुशानं रिकाम्या खुराड्याचं दार लावून घेतलं.

“आपल्या दारात आलेलं हद्दीपलीकडे टाकायची सवय नाही मला, बेटा.”