म्हाळूचा एकमेव चांगला फोटो

निंबळक गावात म्हाळू नावाचा एक भोळा फोटोवाला होता. किती भोळा? देवळाबाहेर पाटी होती, ‘चपला काढून आत यावे’. म्हाळू अनवाणी गेला असला तर चपला घालायला घरी परत यायचा. मग देवळापाशी येऊन त्या काढायचा आणि आत जायचा.

या म्हाळूने घराच्या पुढच्या खोलीत निळी चादर टांगली, दोन मोठे दिवे लावले आणि स्टुडिओ काढला. कुत्रा आणि त्याचा मालक, दोघांचा जोडीने फोटो. निंबळककरांना कुत्र्यांची भारी हौस, त्यामुळे गिऱ्हाइकं यायची. फोटो तेवढा धड यायचा नाही. शेवटी बायको सगुणा म्हणाली, “दसऱ्यापातुर एक तरी फोटो गिऱ्हाइकानं घरी नेऊन भिंतीवर लावला पायजे. न्हाईतर या खोलीत मी शेळ्या बांधणार.”

म्हाळूला रडूच आलं. स्टुडिओवर त्याचा फार जीव होता.

पहिल्यांदा आल्या शाळेतल्या शेवंताबाई. बाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या, कुत्रा खिडकीकडे. फोटोत एक बाई आणि एक शेपूट आलं.

सगुणाने कपाळाला हात लावला. “आवो, जो बघत न्हाई त्याला बिस्कीट दावावं. मग बघतोय.”

“असं व्हय,” म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आले गणू तात्या. त्यांचा कुत्रा कॅमेऱ्याकडे टक लावून बसला. तात्याच इकडेतिकडे बघत होते. म्हाळूने तात्यांना बिस्कीट दाखवलं. तात्यांना साखरेचा आजार, घरात तीन महिने गोड बंद. त्यांनी झडप घालून पुडाच ओढला. फोटोत तात्यांचे दोन्ही गाल फुगलेले आणि कुत्रा त्यांच्या तोंडाकडे बघत रडवेला झालेला. तात्यांच्या बायकोने तो फोटो बघितला आणि तिथेच फाडला.

सगुणाने कपाळाला हात लावला. “आवो, बिस्कीट कुत्र्याला. मानसाला गोड आवाजात ‘जरा हसा’ म्हनायचं. दात दिसलं की बटन दाबायचं.”

“असं व्हय.”

तिसऱ्या दिवशी आला बंडा पैलवान. पैलवान आधीपासूनच हसत होता. कुत्रा गंभीर. म्हाळू त्याच्या नाकासमोर जाऊन बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “जरा हसा.” कुत्रा गुरगुरला. “अजून जरा.” कुत्र्याने सगळे दात दाखवले. म्हाळूला आनंद झाला, त्याने बटण दाबलं. तो वळतो तोच कुत्र्याने त्याच्या विजारीचा मागचा भाग नेला.

सगुणा विजारीला ठिगळ लावत म्हणाली, “दात दावलं की भाईर पळायचं आन् दाराला कडी घालायची. एवढं बी कळंना?”

“असं व्हय.”

दसरा उजाडला. सगुणा झेंडू विकायला बाजाराला निघाली. जाताना म्हणाली, “ज्याच्यावर आपलं प्वाट चालतं त्याची आज पूजा असती. हार घाला, उदबत्ती लावा, पाया पडा.” तिने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, पण म्हाळू तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत होता.

ती गेली आणि दौलतराव आले. सोबत फुटाण्या नावाचा कुत्रा. दोघांनी एकसारखे भगवे फेटे बांधले होते. म्हाळू म्हणाला, “जरा हसा.” दौलतराव तोंडभर हसले. फुटाण्याने मान वर केली. म्हाळूने बटण दाबलं आणि मग त्याला आठवलं. दौलतरावांचे दात दिसत होते. तो कॅमेरा घेऊन बाहेर पळाला आणि त्याने दाराला कडी घातली.

बाजारात जाऊन त्याने फोटो मोठा करून घेतला. काय सुंदर फोटो! म्हाळू बघतच राहिला. मग तो विचार करू लागला. आपलं पोट कुणावर चालतं? गिऱ्हाइकावर. त्याने फोटो काचेत बसवला, घरी येऊन दारात खुर्चीवर ठेवला, झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि पाया पडला.

पाच मिनिटांत गाव गोळा झालं.

“काल तर चांगलं बोलत हुतं.”

“कुत्र्यासकट गेलं की हो.”

दौलतरावांच्या बायकोने, गोदाक्कांनी, तर जमिनीवर अंगच टाकलं. तेवढ्यात आतून दार धडाधड वाजलं आणि कुत्रा भुंकला. गर्दी दहा पावलं मागे सरली.

सरपंचांनी लांबूनच विचारलं, “म्हाळू, आत कोन हाय?”

“दौलतराव.”

“मग मेलंय कोन?”

“कुनीच न्हाई. त्यांनी दात दावलं म्हनून कोंडलंय.”

सरपंचांनी कडी काढली. दौलतराव घामाघूम होऊन बाहेर आले. गोदाक्का त्यांना बिलगून रडल्या आणि मग त्यांनाच रागे भरल्या. एवढ्यात झेंडूची रिकामी टोपली घेऊन सगुणा आली. तिने एकवार सगळं बघितलं आणि मटकन खाली बसली.

“आवो, मानूस गेल्यावर फोटोला हार घालत्यात. जित्या मानसाच्या न्हाई.”

“असं व्हय,” म्हाळू म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. त्याने लगबगीने हार उतरवला, काच पुसली आणि फोटो दौलतरावांच्या हातात दिला. मग हार नीट कागदात गुंडाळून तोही गोदाक्कांच्या ओटीत घातला.

“फोटो आजच भिंतीला लावा, वैनी,” तो म्हणाला. “हाराची घाई न्हाई. त्ये गेलं की घाला.”