उर्पीपाताच्या भिंतीतली मोकळी जागा

पेरू देशात, कुस्को शहरापासून बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर उर्पीपाता नावाचं डोंगरगाव आहे. गावामागच्या धारेवर इंकांच्या काळातल्या बांधकामाचे अवशेष आहेत. छपरं कधीच गेली, पण एक लांब भिंत अजून उभी आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. दोन दगडांच्या मध्ये गवताची काडी घालून पाहिली तर ती मोडते, आत जात नाही. या भिंतीच्या अगदी टोकाला, वरच्या थरात, एका दगडाची जागा मोकळी आहे. तिथला दगड पडलेला नाही. तो कधी बसवलाच नाही. जागा मात्र त्याच्यासाठी नीट घडवून ठेवलेली आहे, आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं.

गावातून तिथवर तासाभराची चढण आहे. वाट दाखवायला आमच्याबरोबर फाउस्तिना नावाची म्हातारी होती. माझी भाची मृण्मयी स्पॅनिश शिकवते. तिने म्हातारीचं बोलणं एकेक वाक्य करून मराठीत आणलं, म्हणून हे मला सांगता येतं आहे.

सुरुवातच माझ्या चुकीने झाली. निघण्यापूर्वी फाउस्तिनाने तिच्या अंगणात आम्हाला बटाट्याचं गरम सूप दिलं. बाहेर गार वारा, त्यात ते सूप, मी न राहवून म्हणाले, "काय चव आहे हो तुमच्या हाताला! तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही." मृण्मयीने ते सांगितलं मात्र, म्हातारीचा चेहरा पडला. तिने माझ्या हातातला वाडगा काढून घेतला आणि म्हणाली, "काही खास नाही. मीठ कमी आहे."

मीठ बेताचं होतं. एवढं बोलायला काय झालं, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आपण कौतुक करावं आणि समोरच्याने वाडगा हिसकावून घ्यावा, ही कुठली रीत?

वाटेवर म्हातारी पुढे आणि आम्ही धापा टाकत मागे. त्या उंचीवर चार पावलं चाललं की छातीचा भाता होतो. ती मात्र पाठीवर रंगीत फडक्यात गाठोडं बांधून शेतातून चालावं तशी चालली होती. मध्येच थांबून मला म्हणाली, "मामाय, रागावू नका. आमच्या गावात कुणाच्या हाताची स्तुती त्याच्या तोंडावर करत नाहीत. का, ते वर गेल्यावर सांगते." मामाय म्हणजे आई. ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल, पण तिकडे बाईमाणसाला असंच हाकारतात.

वर पोचल्यावर ती त्या मोकळ्या जागेच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसली. आम्हीही बसलो. मग तिने सांगितलं ते असं.

फार पूर्वी, इंका राजाच्या मनात आलं म्हणे, की या धारेवर सूर्याचं देऊळ बांधावं. राजाला मनात आणायला काय लागतं? त्याचा कारभारी माणसं गोळा करायला निघाला. त्या काळी प्रत्येक गावाने आपापली पाळी आली की राजाचं काम करायचं आणि पाळी संपली की घरी जायचं, असा नेम होता. कारभाऱ्याने दोन गावांची माणसं आणली. एक वरच्या माळावरचे मेंढपाळ. दगडाशी त्यांचा संबंध काय, तर बसण्यापुरता. दुसरे दूरच्या मोठ्या तळ्याकाठचे लोक. ते दगड घडवण्यात वाकबगार होते, कारण त्यांच्याकडे माणूस मेलं की त्याच्यासाठी दगडी बुरूज बांधत. बुरुजाला गुडघ्याएवढं दार ठेवत. देह आत बसवला की त्या दारात शेवटचा दगड लावायचा, आणि तो लावायचा मुलानेच. दुसऱ्या कुणी लावला तर आईबाप आतून दार ठोठावत राहतात, असं ते मानत.

तळ्याकाठच्या लोकांत वामान नावाचा एक कारागीर होता. त्याच्यासारखा हात त्या मुलखात दुसरा नव्हता, असं सांगतात. बायको सिसा त्याच्याबरोबर आली, पण आई फार म्हातारी, तिला एवढं चालवणार नव्हतं. निघताना तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "माझा दगड तूच लावायचास." वामानने तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला.

कारभाऱ्यानेही शब्द दिला होता. भिंत पुरी झाली, की घरी जा.

वामानने मनाशी हिशेब केला तो कुणीही शहाण्या माणसाने केला असता. काम झटपट करू, नामी करू, कारभाऱ्याला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, म्हणजे लवकर सुटका. त्याने आपल्या माणसांना उसंत दिली नाही. दगडाने दगड घडवायचा, दोरांनी ओढायचा, बसवायचा, केसभर फट दिसली तर उतरवायचा, पुन्हा घासायचा. बायका वाळूने सांधे घासत. शेजारीच मेंढपाळांची भिंत चालली होती. ती आज बांधली की उद्या पोट काढायची. तळ्याकाठचे लोक ती बघून पोट धरून हसत.

एके दिवशी मेंढपाळांची भिंत अर्धी कोसळली. कारभाऱ्याने त्यांना शिव्या घातल्या, काहींना चाबकाने फोडलं, आणि म्हणाला, "तुमच्यात काही खास नाही. चालते व्हा घरी." मेंढपाळ पाठ चोळत उतरू लागले. पहिल्या वळणापर्यंत गप्प होते, वळण ओलांडल्यावर म्हणे गाऊ लागले. ते गाणं वर ऐकू आलं. सगळे हसत होते, तेव्हा एकटी सिसा हसली नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "ते घरी चाललेत. आपण इथे आहोत. यात हसण्याजोगे कोण, ते का आपण?"

वामानची भिंत पुरी झाली. कारभारी आला. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांध्यांवरून बोटं फिरवली, बायकोच्या गालावरून फिरवावीत तशी. मग त्याने वामानला राजाकडचं तलम वस्त्र पांघरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "असे हात राजा परत पाठवत नसतो." आता देवळाचा गाभारा बांधायचा होता. गाभारा झाल्यावर पायऱ्या. पायऱ्या झाल्यावर पाण्याचं कुंड. मग त्याने तळ्याकाठच्या लोकांना खालच्या उतारावर जमिनी दिल्या, घरं बांधायला लावली आणि सांगितलं, की आजपासून तुम्ही या डोंगराचे. मोठा मान होता तो. मानाला नाही कसं म्हणायचं?

फाउस्तिना इथे थांबली आणि कोकाची दोनचार पानं तोंडात टाकून चघळत राहिली. मी पाठीमागच्या सांध्यांवरून बोट फिरवत होते, ते मी चटकन काढून घेतलं. माझा सगळा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेला. 'तुमच्याशिवाय वॉर्ड चालायचा नाही' हे वाक्य मी नेहमी रजेचा अर्ज परत घेतानाच ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी मूर्खासारखी खूशही झाले आहे.

मग तळ्याकडून सुकी मासळी घेऊन एक माणूस आला. त्याने वामानला सांगितलं, "तुझ्या आईने अंथरूण धरलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला तुझं विचारते." वामान कारभाऱ्याकडे गेला, पाया पडला. कारभारी चांगल्या शब्दांत म्हणाला, "जा की. एवढी शेवटची भिंत तेवढी होऊ दे. तुझ्याशिवाय ती कुणाला जमणार आहे?"

त्या दिवशी सिसाने त्याला रस्ता दाखवला. ती म्हणाली, "वाकडं बांध. फट ठेव. तुझीही भिंत पडू दे. मेंढपाळांना हाकललं तसं तुलाही हाकलतील." वामानला ते पटलं. त्याने दगड वाकडा बसवला. माणसं बघत होती. तो दुसऱ्या कामाला लागला, पण त्याचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जात. दिवस मावळायच्या आत त्याने तो दगड उतरवला, घासला आणि नीट बसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडा बसवला, पुन्हा उतरवला. सिसा रडली, त्याच्या अंगावर धावून गेली. "आईपेक्षा दगड मोठा झाला का तुला?" तो म्हणाला, "मला येत नाही गं. वाईट करायला माझे हात ऐकत नाहीत."

भिंत संपत आली तेव्हा मासळीवाला पुन्हा आला. या खेपेला तो वामानच्या डोळ्याला डोळा भिडवेना. म्हातारी गेली होती. तिला बुरुजात बसवलं होतं, पण दार उघडंच होतं. गाव वामानची वाट बघत होतं. दुसऱ्या कुणी दगड लावला असता तर म्हातारी ठोठावत राहिली असती. लावला नाही, म्हणून रात्री कोल्हे आत शिरायला लागले होते.

आता भिंतीतला एकच दगड उरला होता. जागा घडवून तयार होती. दोर लावून दगड वर घेतला. वामानने बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आपला उजवा हात त्या जागेत ठेवला आणि दोर सोडला.

कारभारी धावत आला. त्याने पिठासारखा झालेला तो हात पाहिला, वामानच्या तोंडाकडे पाहिलं नाही. म्हणाला, "आता तुझ्यात काही खास नाही. जा घरी."

एवढंच ऐकायला वामानने हात दिला होता. बायकोने फडक्यात हात बांधून दिला. तिला आणि इतरांना सोडलं नाही, त्यांचे हात धड होते. तो एकटाच उतरला, डोंगर ओलांडत तळ्याकाठी पोचला, आईच्या बुरुजाशी गेला. दाराचा दगड तिथे पडलाच होता, मापाने घडवलेला. तो त्याने उचलायला घेतला. एका हाताने तो उचलेना. गावातले लोक मदतीला पुढे झाले, पण मदत घेतली तर तो मुलाने लावलेला दगड होत नाही. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग, असं सांगतात, तो त्या गुडघ्याएवढ्या दारात शिरून बसला. तोंड आईकडे, पाठ बाहेर. सगळं दार त्याच्या पाठीने भरलं. लोकांनी हाका मारल्या, तो वळला नाही. तिथून तो उठला नाही.

इकडे कारभाऱ्याने तो रक्ताळलेला दगड काढून फेकला आणि दुसरा बसवायला सांगितला. तळ्याकाठचा एकेक माणूस पुढे यायचा, जागेकडे बघायचा आणि म्हणायचा, "मला एवढं सुबक येत नाही." चाबूक झाला, उपास झाला. कुणालाच येईना. राजे गेले, त्यांच्यामागून समुद्रापलीकडचे लोक आले, तेही गेले. जागा तशीच राहिली.

"तेव्हापासून," फाउस्तिना म्हणाली, "आमच्याकडे काम संपलं की मालकाने गड्याला म्हणायचं, 'काही खास नाही, जा घरी.' मजुरी नंतर, आधी हे. आणि घर बांधलं की एक दगड न लावता दाराशी ठेवायचा. घरातली आई गेली की मुलगा तो लावतो."

आम्ही उतरलो. खाली तिच्या अंगणात मी सकाळी न पाहिलेली गोष्ट पाहिली. दाराशेजारी एक घडीव दगड होता आणि त्यावर कोंबडी बसली होती. वर भिंतीत त्याची जागा मोकळी होती, थंडी आत येऊ नये म्हणून तिच्यात चिंध्या कोंबल्या होत्या. मी विचारलं, "मुलगा कुठे असतो?"

"एलियास लिमात असतो. मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करतो." तिने कोंबडी हाकलली. "मालक म्हणतो, त्याच्यासारखं कुणाला जमायचं नाही. फार जीव आहे त्याच्यावर मालकाचा. सणाला सोडतच नाही."

सकाळी मी काय बोलले होते ते मला आठवलं, आणि लाज वाटली. निघताना मी तिचे दोन्ही हात धरले आणि मृण्मयीकडून शब्द शिकून घेऊन, जसे जमले तसे, ती स्वतःच्याच अंगणात उभी होती तरी त्यांच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "काही खास नव्हतं. जा घरी."

म्हातारी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच हसली. मग माझे हात न सोडता म्हणाली, "मामाय, हे माझ्या एलियासला कुणीतरी म्हणायला हवं."

आजही उर्पीपाताच्या भिंतीत ती जागा मोकळी आहे. वारा सुटला की तिथून शिटीसारखा आवाज येतो आणि खाली गावात बायका हातातलं काम थांबवून वाटेकडे बघतात. फाउस्तिनाही बघते. दगड दाराशी आहे.