हलक्या बाजूचा झेंडा

“आत्या, मूल बोलतच नसेल तर आईनं काय करावं?”

मालूआत्यांनी बर्फातल्या भोकावरून मान वर केली नाही.

“आधी ती बादली इकडे सरकव,” त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मी रात्रभर उशीवर घोळवला होता. गेल्या आठवड्यात जुईच्या बाई शाळेच्या दारात भेटल्या आणि म्हणाल्या, लंचला ती कोणाशीच बोलत नाही. तेव्हापासून मी तिला रोज गाडीत विचारते, आज कोणाशी बोललीस? ती रोज सांगते, कोणाशीच नाही. सात वर्षांची मुलगी. पुढचं सगळं मी अंधारात एकटीनंच रचलं होतं. हायस्कुलात एकटी, कॉलेजात एकटी, स्वतःच्या लग्नातसुद्धा एकटी.

मी बादली सरकवली. तिच्यात बोटाएवढे मासे पोहत होते.

मालूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. त्यांचा जन्म मिनेसोटात गेला, हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात. आता त्या हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर बसतात आणि वॉलआय नावाचा मासा धरतात. लोक त्यांना सल्ला विचारायला येतात. सहसा परत जाताना मासा घेऊन जातात.

“झोप लागत नाही मला,” मी म्हणाले.

“दिसतंय. अख्ख्या हॉस्पिटलला झोपवलं मी. तुला मात्र जमेलसं वाटत नाही.”

शेजारी बसलेली जुई खुदकन हसली. मी लगेच तिच्याकडे पाहिलं. तिनं लगेच तोंड मिटलं.

आत्यांनी एक टिप-अप माझ्या हातात दिला. “हा तू लाव.”

टिप-अप म्हणजे भोकावर आडवी ठेवायची पट्टी. तिच्याखाली पाण्यात दोऱ्याचं रीळ, वर पोलादी पातं, पात्याच्या टोकाला नारिंगी झेंडा. पातं वाकवून एका दांडीखाली अडकवायचं. माशानं दोरा ओढला की रीळ फिरतं, दांडी फिरते, पातं सुटतं आणि झेंडा ताठ उभा राहतो.

दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडून मी तळ शोधला, मग गळ हातभर वर घेतला. वॉलआय तळाजवळून हिंडतो, तोही उजेड उतरल्यावर. गळाला जिवंत मासा लावायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तोवर जुईनं तो लावला होता.

दांडीला दोन बाजू होत्या. एक गुळगुळीत, एक खाचेची.

“कुठल्या बाजूला अडकवू?”

“गुळगुळीत बाजू हलकी. जरा हललं की सुटतं. खाचेतून सोडवायला ओढ लागते.”

“मग हलकीच बरी. एकही मासा निसटायला नको.”

“बरं,” आत्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा झेंडा खाचेत अडकवला आणि थर्मास उघडला.

चहा ओतायच्या आत माझा झेंडा उभा राहिला.

मी धावले. बर्फावर जितकं धावता येतं तितकं, म्हणजे बदकासारखं. दोरा ओढून वर घेतला. छोटा मासा जागच्या जागी होता. माझ्याकडे बघत होता.

“काय होतं?” आत्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“काही नाही. वारा.”

पुन्हा लावला. पुन्हा हलक्या बाजूला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा बदक. मधेच झेंडा आडवा असतानाही मी एकदा दोरा वर घेऊन पाहिला. खात्री केलेली बरी.

“मासा काय म्हणाला?” आत्यांनी विचारलं.

“कुठला मासा?”

“येत होता तो. डोक्यावर बूट वाजले म्हणून परत गेला.”

मी बसले. जुई उलट्या बादलीवर बसून बुटाच्या टाचेनं बर्फ खरवडत होती. तिचं नाक लाल झालं होतं. थंडी वाजतेय का, मोजे ओले झालेत का, कंटाळा आला का, आणि तेवढ्यात सहज म्हणून, शाळेत काल कोणाशी... मी तोंड उघडलं.

आत्यांनी त्यात तिळाचा लाडू घातला.

लाडू संक्रांतीचा होता, गुळाचा. गाडीत राहून त्याचा दगड झाला होता.

“चावू नकोस, दात जाईल,” त्या म्हणाल्या. “चोख.”

मग त्या उठल्या. सावकाश चालत माझ्या टिप-अपशी गेल्या. हलक्या बाजूचा झेंडा काढून खाचेत अडकवला. परत येऊन बसल्या.

माझ्या तोंडात लाडू होता. मला बोलता येत नव्हतं.

...

पलीकडच्या काठावर कोणाचं तरी कुत्रं भुंकलं. ऊन देवदारांच्या मागे गेलं.

...

“आमच्या वर्गात हमदी आहे ना,” जुई म्हणाली, “ती पण बोलत नाही.”

माझा एक गाल फुगलेला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली. मी लाडू या गालातून त्या गालात नेला.

“लंचला आम्ही समोरासमोर बसतो. जी आधी बोलेल ती हरली.”

आत्या चहा प्यायल्या.

“हसलेलं चालतं. आवाज नाही करायचा. परवा तिनं नाकात गाजर घातलं, तरी मी नाही बोलले.”

माझ्या घशाशी प्रश्नांची रांग लागली होती. पुढे लाडू आडवा.

“अजून कोणीच हरलं नाहीये,” ती म्हणाली. “बेस्ट फ्रेंड आहे ती माझी.”

...

तेवढ्यात झेंडा उभा राहिला. माझा. खाचेतून.

मी अर्धी उठले. आत्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

“पळू दे त्याला. आमिष नुसतं तोंडात धरलंय अजून.”

तिघी चालत गेलो. भोकाखाली रीळ फिरत होतं. थांबलं. मला वाटलं, गेला. आत्यांनी बोट वर केलं... रीळ पुन्हा फिरू लागलं.

“जुई, आता.”

जुईनं दोरा झटक्यानं ओढला आणि मग हातावर हात टाकत वर घेत राहिली, जीभ बाहेर काढून. भोकात पाणी हिंदकळलं आणि सोनेरी-हिरवा वॉलआय तिच्या बुटांपाशी येऊन पडला, दुधाळ मोठ्या डोळ्यांचा. ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

आत्यांनी वाकून गळ काढला. “चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

तोवर माझा लाडू विरघळला होता.

“जुई, ही हमदी राहते कुठे? तिची आई काय करते? आणि बाईंना सांगितलंस का, हा खेळ आहे म्हणून? आपण असं करू या का, रविवारी तिला घरी...”

जुईनं माझ्याकडे पाहिलं. मग आत्यांकडे.

“आत्याआजी,” ती म्हणाली, “आईला अजून एक लाडू दे ना. मला पुढचं सांगायचंय.”