शेवटच्या खांबापर्यंत

एकदा एका वृद्ध कीर्तनकार बुवांचा आवाज बसला, आणि या खेपेला तो पुन्हा उठलाच नाही. वैद्य झाले, डॉक्टर झाले, ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून झाल्या. शेवटी उरली ती नुसती कुजबुज, समोरच्याने कान जवळ नेला तरच कळणारी. बुवांनी कुरकुर केली नाही. झांजा शिष्याच्या हाती दिल्या, आपलं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि स्वतः श्रोत्यांत जाऊन बसले.

शिष्य तिशीतला, शिकलेला, व्यासंगी. पण वर्षभरातच तो पार थकून गेला होता.

थकण्यासारखंच होतं. त्या गावात आता उत्सव म्हणजे भिंतीएवढे स्पीकर. देव बसायच्या आधी ते येऊन बसतात आणि देव उठला तरी ते उठत नाहीत. छातीचा पिंजरा हादरला की भक्ती झाली, असं सर्वानुमते ठरून गेलेलं. म्हाताऱ्या माणसांनी कानात कापूस घालावा, पोरांनी परीक्षेचा अभ्यास गच्चीवरच्या टाकीमागे करावा, आणि ज्याने तक्रार केली त्याने आपण हिंदू आहोत की नाही ते आधी सिद्ध करावं. अशा गावात एका माणसाने उभं राहून शांतपणे गोष्ट सांगायची. कुणाला?

तरीही शिष्याने एक आख्यान रचलं होतं, स्वतःचं. दुष्काळी गावात विहीर खणणाऱ्या एका बाईचं. गाव हसतं, ती खणत राहते. पाणी लागतं त्या दिवशी गाव विहिरीवर पहारा बसवतं आणि तिलाच सांगतं, तू रांगेत शेवटी. हे आख्यान त्याने मागच्या रामनवमीच्या उत्सवात, गावातल्या दगडी सभामंडपात उभं राहून सांगितलं. सुरुवातीच्या गजराला दणदणीत टाळ्या पडल्या. आख्यान सुरू झालं आणि लोक उठू लागले. आधी मागचे, मग मधले. बाईच्या कुदळीला पाणी लागलं तेव्हा समोर विश्वस्त मंडळी होती, ती जांभया देत होती, आणि अगदी मागे शेवटच्या खांबाला टेकून बुवा.

यंदा उत्सवाच्या आधी विश्वस्तांनी त्याला बोलावून घेतलं.

"महाराज, राग मानू नका," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "लोकांना गजर आवडतो. गोष्टी काय, मोबाईलवर ढिगाने आहेत. यंदा नुसता गजर घ्या, दणक्यात. आणि तो तुमचा भाड्याचा कर्णा नको. काहीतरी जोरकस आणा. लोक टिकले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी आपण ऑर्केस्ट्रा लावू. तुमचीही सुटका."

शिष्य भांडला नाही. भांडायलाही अंगात काही उरावं लागतं. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि आख्यानाचे कागद कपाटात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी तो बुवांना घेऊन स्पीकरच्या दुकानात गेला.

व्यापारी गप्पिष्ट होता. "या बुवा, या! खुर्ची द्या रे. अहो, कर्णे गेले आता. कीर्तनकार, गझलवाले, एकटे गाणारे, सगळे कॉलम घेतात, कॉलम." त्याने दोन यंत्रं पुढे ओढली. "हे पाहा. खाली पेटी, वर उभा खांब. खांबात छोटे छोटे स्पीकर एकावर एक. आवाज छताकडे न जाता आडवा पसरतो, बसलेल्या माणसांच्या कानांवर. गाणाऱ्याने पाठीशी उभा करायचा, म्हणजे लोकांना जे ऐकू येतं ते थोडंफार आपल्यालाही येतं. खांबाचे तुकडे सुटतात, पिशवीत भरा, निघाले! एकटा माणूस खांद्यावर नेतो."

"माणूस कुठला? हमाल?" शिष्याने विचारलं. दोन यंत्रांपैकी एकाची पेटी धान्याच्या पिंपाएवढी होती.

"तो मोठा जरा जड आहे, पण काय दम आहे म्हणता! खर्ज ऐका. आणि ही इकोची कळ. फिरवली की तुमच्या एका आवाजामागे चार आवाज. कडेला दिवेसुद्धा लागतात, रंगीत."

दुसरं यंत्र सडपातळ होतं. पेटी लहान, दिवे नाहीत, खांब बोरूसारखा. व्यापाऱ्याने त्याची ओळख एका वाक्यात आटोपली: "हा आपला साधा, भाषणाबिषणाला."

शिष्याने मोठ्या यंत्राचा माइक हातात घेतला आणि गजर म्हटला, "जय जय राम कृष्ण हरी." पाठीमागून आवाज असा उसळला की त्याच्या अंगावर काटा आला. हा आपला आवाज? रस्त्यावरची दोन माणसं थबकून आत डोकावली. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्यात काहीतरी आहे.

"हाच," तो म्हणाला.

बुवांनी त्याची बाही ओढली. त्याने कान जवळ नेला.

"दोन्ही देवळात ने," बुवा कुजबुजले. "दुकानात कोण कीर्तन ऐकायला बसणार आहे?"

शिष्याने ते मोठ्याने सांगितलं तेव्हा व्यापारी हसला, "बुवांचं खरं आहे," म्हणाला, आणि गाडी काढली.

दुपारच्या उन्हात देऊळ निवांत होतं. सभामंडपात एकच माणूस, शेवटच्या खांबापाशी बसून वाती वळणाऱ्या म्हाळसाबाई. ती त्यांची नेहमीची जागा. कीर्तनालाही त्या तिथेच बसत, पाठीला खांब लागतो म्हणून. व्यापाऱ्याने मोठं यंत्र उभं केलं, खर्ज वाढवला, इको लावला. शिष्याने गजर म्हटला. दगडी मंडप घुमला, घंटा आपोआप किणकिणल्यासारखी वाटली.

"आजी, ऐकू आलं?" शिष्याने ओरडून विचारलं.

"आलं की! अगदी स्वच्छ." म्हाळसाबाईंनी वात बाजूला ठेवून हात जोडले.

व्यापाऱ्याने शिष्याकडे असं पाहिलं, की आता पावती फाडायचीच बाकी.

तेव्हा बुवांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. शिष्याच्या कानाशी लागून ते म्हणाले, "पुन्हा गजर म्हण. चाल तीच. पण शब्द उच्चारू नकोस. तोंड मिटून नुसता गुणगुण."

"गुणगुणू? का?"

"गुणगुण."

शिष्याला वैताग आला. दमलेल्या माणसाची कुणी परीक्षा घेऊ नये. पण गुरूची आज्ञा म्हणून त्याने ओठ मिटले आणि माइकमध्ये नुसती चाल गुणगुणली. मंडप पुन्हा घुमला. बुवांनी हाताने खूण केली: आता विचार.

"आजी, आता ऐकू आलं?"

"आलं रे बाबा! 'जय जय राम कृष्ण हरी' म्हणालास. शब्द न् शब्द आला."

शिष्य माइककडे पाहत राहिला. त्याने एक अक्षरही उच्चारलं नव्हतं.

"आता दुसरं," बुवा कुजबुजले. "तिला एखादी नवी गोष्ट सांग. ओरडू नकोस. आख्यानात सांगतोस त्या आवाजात."

शिष्याला काही सुचेना. समोर वाती दिसत होत्या. तो माइकमध्ये हळू आवाजात म्हणाला, "म्हाळसाबाई, यंदा वाती फार बारीक झाल्यात. जरा जाड वळाल का?"

घोंगावणारा एक ढग खांबांमधून फिरला आणि छताखाली विरला.

"हो, हो, जय जय!" म्हाळसाबाईंनी पुन्हा हात जोडले आणि त्या वाती वळू लागल्या.

बुवांनी सडपातळ यंत्राकडे बोट दाखवलं. व्यापाऱ्याने नाखुशीने जोडणी बदलली. शिष्याने तेच वाक्य, त्याच आवाजात म्हटलं. मंडप घुमला नाही. काटाबिटा काही आला नाही. त्याला स्वतःला तर आवाज अगदीच उघडा वाटला.

शेवटच्या खांबापाशी म्हाळसाबाईंचा हात थांबला.

"काय म्हणालास?" त्या ताठ बसल्या. "बारीक? अरे, तुझ्या बुवांचं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून वळतेय मी या देवाच्या वाती! आजवर कुणी नाव ठेवलं नाही. जाड हव्यात म्हणे! जाड वात काजळी धरते, ठाऊक आहे? आला मोठा शहाणा!"

व्यापाऱ्याला हसू आवरेना. शिष्य ओशाळून "चुकलं, आजी" म्हणू लागला. बुवांनी मात्र त्याच्या हातून माइक काढून घेतला, ओठांजवळ धरला, आणि आपल्या त्या उरल्यासुरल्या कुजबुजीत बोलू लागले.

"तिला हसू नका. तिने खोटं सांगितलं नाही. गजर तिच्या आतच आहे, बाहेरून नुसती हाक पुरते. लोकांना जे पाठ असतं ते कुठल्याही यंत्रातून पोहोचतं. त्याचं श्रेय ना यंत्राला, ना आपल्याला. नवं काही सांगायचं असेल तेव्हा कळतं, आवाज जातो कुठवर. मागच्या वर्षी लोक तुझी विहीर टाकून गेले नाहीत. विहीर त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती. मी इथे मागे बसलो होतो, मला घुमण्याखेरीज काही ऐकू आलं नाही."

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीत?" शिष्याचा आवाज चढला. वर्षभराचा शीण त्यात होता.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, बुवा, माझी समजूत घालू नका."

शिष्याला ते आठवलं.

"पण बुवा," व्यापारी मध्ये पडला, "मोठ्याचाही खर्ज कमी करता येतो. इको बंद होतो. बटण आहे ना!"

"येतो, शेटजी. यंत्र तुमचं वाईट नाही." बुवा शिष्याकडे वळले. "पण तू कमी करशील का? दुकानात तुझं तोंड मी पाहिलं. एकदा गजराला टाळ्या पडल्या की हात आपोआप त्या बटणाकडे जाईल. माझाही गेला असता. तुला न फुगवणारं यंत्र घे. आणि जो ऐकतो तो उलटून बोलतो, तेवढं लक्षात ठेव."

इतकं बोलून ते थांबले, दम लागला होता. मागे म्हाळसाबाई कापूस मांडीवर ठेवून स्तब्ध बसल्या होत्या.

"बुवा बोलले ना हे?" त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी हो ऐकला तुमचा आवाज!"

व्यापारी मोठ्या यंत्राची वायर गुंडाळू लागला.

रामनवमीच्या उत्सवात शिष्य सडपातळ यंत्राची पिशवी स्वतः खांद्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढला. थोरल्या विश्वस्तांनी त्या खांबाकडे पाहून नाक मुरडलं. "हेच का जोरकस? आणि कागद कसले आणलेत? गजर ना फक्त?"

"गजर घेईन," शिष्य म्हणाला. "मग आख्यानही सांगेन."

"तुमची मर्जी. ऑर्केस्ट्रावाल्यांशी आमचं बोलणं झालेलं आहे."

गजराला टाळ्या पडल्या, मागच्या वर्षीपेक्षा कमीच. शिष्याच्या मनाला ते लागलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग त्याने आख्यान सुरू केलं. पाच-दहा माणसं उठली. त्याला वाटलं, झालं, सुरुवात झाली. पण उठणाऱ्यांमागे आणखी कुणी उठलं नाही. बाई खणत होती, गाव हसत होतं, आणि मंडपात कुणी खोकलं तर तेही ऐकू येत होतं. पाणी लागलं. पहारा बसला. बाईला रांगेत शेवटी उभं केलं. रांग पुढे सरकत नव्हती. शिष्य श्वास घ्यायला थांबला.

तेवढ्यात शेवटच्या खांबापासून आवाज आला.

"अरे, पण मग तिला पाणी मिळालं की नाही?"

कीर्तनात असं मध्ये कुणी बोलत नाही. थोरल्या विश्वस्तांनी मागे वळून "शू" केलं. आणखी कुणीतरी पलीकडून म्हणालं, "बरोबर विचारतायत, सांगा की." म्हाळसाबाईंच्या शेजारी बुवा डोळे मिटून बसले होते.

शिष्याच्या कागदांवर शेवट गोड होता. देव वाटसरूच्या रूपाने येतो आणि बाईची घागर भरून देतो. त्याने कागदांकडे पाहिलं, मग त्या रांगेकडे, जी आता त्याला समोर बसलेल्या माणसांतच दिसत होती.

"नाही, आजी," तो हळूच म्हणाला. "अजून नाही मिळालं."

ते शब्द शेवटच्या खांबापर्यंत गेले. कुणी हललं नाही. विश्वस्तसुद्धा.

आपल्या बोलण्यावर कुणीच उलटून विचारत नाही अशी ज्याची तक्रार असेल, त्याने श्रोत्यांना अरसिक ठरवण्याआधी एकदा मागे जाऊन बसावं आणि स्वतःला ऐकून पाहावं.