खाणमाळचं शून्य

"मग हे शून्य खोटं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

शाल्मलीनं लॅपटॉप म्हाताऱ्याच्या पुढ्यात धरला होता. ऊन असं रणरणत होतं की पडद्यावर त्याला स्वतःच्या दाढीशिवाय काही दिसत नसणार. तरी त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "शून्य खरं आहे."

"मग झालं तर!"

म्हाताऱ्यानं लॅपटॉप हलकेच तिच्याकडे सरकवला.

आता ही शाल्मली कोण आणि भर उन्हात रस्त्याकडेच्या पाणपोईवर एका म्हाताऱ्याशी हुज्जत का घालत होती, ते सांगायला हवं.

शाल्मली दातार ही शहर बससेवेची नवी नियोजन अधिकारी. कुठल्या वस्तीतून, किती वाजता, किती माणसं, कुठं जायला निघतील, याचा अंदाज बांधणारं मॉडेल तिनं तयार केलं होतं. त्यावर डॉक्टरेट मिळवली होती. पोरगी हुशार, उगाच खोटं कशाला बोला! फक्त त्या हुशारीला जरा शिंगं फुटली होती.

म्हातारा म्हणजे दस्तगीर मुलाणी. डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, हे लिहिण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर जकात नाका आणि खाणमाळ यांच्या बरोब्बर मध्ये, जिथं ना थांबा ना दुकान, तिथं एका लिंबाच्या झाडाखाली त्यानं पाणपोई घातली. बांधीव कट्टा, त्यात पुरलेला मोठा रांजण, वर लाकडी झाकण. सगळे त्याला चाचा म्हणत.

शाल्मलीचा अहवाल तयार होता. नऊ नंबरची बस जकात नाक्यावरूनच परत फिरवावी, असं त्यात लिहिलं होतं. नाक्यापुढं अडीच किलोमीटरवर खाणमाळ ही वस्ती. तिथं दिवसाला दोन फेऱ्या जात, सकाळी सव्वाआठला आणि दुपारी चारला. दोन्ही रिकाम्या. उलट नाक्यावर सकाळी साडेसहाला ही झुंबड! तेव्हा खाणमाळची गाडी काढून नाक्याला द्यावी, हा साधा हिशेब. परवा समितीची बैठक होती. तिथं होकार मिळाला की एक तारखेपासून खाणमाळची बस कायमची बंद.

व्यवस्थापक कोरेसाहेबांनी अहवाल वाचून मान डोलावली, पण सही केली नाही. म्हणाले, "उत्तम आहे. खाणमाळचं तेवढं चाचांच्या कानावर घाला. ते हो म्हणाले की मी सही करतो."

हे शाल्मलीला झोंबलं. डॉक्टरेट आपली, आणि हो म्हणणार कोण, तर पाणपोईवाला!

"चाचा," ती आता म्हणाली, "सहा महिन्यांची तिकिटं मशिनमधून काढलीत मी. खाणमाळला चढणारे शून्य, उतरणारे शून्य."

"मॉडेल काय म्हणालं होतं? तिकिटं बघायच्या आधी?"

शाल्मली चपापली. म्हाताऱ्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. घरं किती, कामाला जाणारे किती, यावरून मॉडेलनं आधी एकेचाळीस माणसं सांगितली होती. तिकिटांशी ते जुळेना. मग तिनं मॉडेलचा कान पिळला आणि ते निमूट शून्यावर आलं. त्यांच्या धंद्यात असं करतातच.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "पण ती चूक होती. मी दुरुस्त केली."

"अच्छा."

त्या 'अच्छा'नं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"रागावू नका चाचा, पण खाणमाळची सकाळी सहाची गाडी तुमच्याच सहीनं बंद झालीय. मी फाइल वाचलीय. ड्रायव्हर कमी म्हणून ती फेरी दोन महिने बंद होती. मग पुन्हा सुरू केलीत. 'तीन दिवस गाडी रिकामी गेली, प्रवासी नाहीत, फेरी रद्द करावी.' खाली सही, द. म. मुलाणी."



"हो," चाचा म्हणाला. "माझीच सही."

तो उठला. झाडाच्या खोडाला एक खिळा होता. त्यावरचं लांब दांड्याचं ओगराळं त्यानं काढलं, रांजणात बुडवलं, आणि भरून तिच्यापुढं धरलं.

"ओंजळ कर. पाणी पी."

"नको. माझ्याकडे बाटली आहे."

त्यानं ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि ओगराळं खिळ्याला अडकवलं.

"एक काम कर बेटा. उद्या दुपारी दोन ते चार इथं बैस. किती जण पाणी पितात, तेवढं मोज. बाकी काही नको."

"आणि मोजलं की तुम्ही हो म्हणाल?"

"चारला तू जे म्हणशील, त्याला मी हो म्हणेन."

शाल्मलीला हसू आलं. एवढंच ना!

दुसऱ्या दिवशी ती पावणेदोनलाच हजर. टोपी, गॉगल, वही, टोकदार पेन्सिल. मोजणीचे नियम तिला झोपेतून उठवून विचारले तरी पाठ होते. ज्याला मोजायचं त्याच्याशी बोलायचं नाही. घडेल तेच लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही. चाचा पलीकडं एका दगडावर पेपर उघडून बसला होता. शेजारी त्याची कापडी पिशवी होती.

अर्धा तास गेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शाल्मलीची बाटली मात्र अर्धी झाली.

अडीचच्या सुमाराला नाक्याच्या बाजूनं बायका येऊ लागल्या. दोघी, तिघी, मग एकदम सात-आठ. डोक्यावर पदर, हातात डब्याच्या पिशव्या, पायांत झिजलेल्या चपला. शाल्मली सरसावून बसली.

पहिलीनं रांजणाचं झाकण उचललं. आत पाहिलं. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि झाकण ठेवून दिलं. पदरानं तोंड पुसलं आणि चालू लागली.

प्याली नाही. शाल्मलीनं काहीच लिहिलं नाही.

दुसरीनंही तेच केलं. तिसरीनंही. एक जण म्हणाली, "माझ्या डब्यानं काढू का गं?" लगेच दुसरी तिच्यावर खेकसली, "उष्टा डबा रांजणात घालतीस? सगळ्या वस्तीला उष्टं पाजतीस व्हय?" ती ओशाळली आणि पुढं गेली.

बायका येत होत्या, थांबत होत्या, जात होत्या. सवयीनं शाल्मली वहीच्या कडेला जाणाऱ्यांच्या रेघा ओढत राहिली. मधल्या रकान्यात मात्र शून्य. बाटलीतला शेवटचा घोट तिनं तीन वाजता घेतला.

शेवटी एक म्हातारी एकटीच आली. पाय सुजलेले. ती कट्ट्यावर टेकली, झाकण उघडून बघितलं आणि शाल्मलीकडे वळली.

"बाई, हितलं ओगराळं बघितलंत का हो?"

शाल्मलीनं मान हलवली. बोलायचं नाही, हा नियम.

"कुणी मेल्यानं नेलं," म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ दे. घरी जाऊन पिऊ." पण ती उठेना. पाय चोळत बसली. चोळता चोळता मधेच 'आई गं' म्हणाली, अगदी हळू.

शाल्मलीनं पेन्सिल खाली ठेवली. नियम गेला खड्ड्यात!

"मावशी, तुम्ही कुठून येताय?"

"दवाखान्यातनं. मी कौसाबाई. तिथं चादरी धुती. ह्या म्होरं गेल्या त्या सगळ्या तिथल्याच. कुणी झाडती, कुणी सैपाकात हाय."

"मग बसनं का नाही येत?"

"येतो की! नाक्यापतूर बसनंच येतो. फुडं चालत."

"खाणमाळला बस जाते ना?"

कौसाबाई हसली. चांगली खळखळून हसली. "जाती की. सकाळी सव्वाआठला. आमची हजेरी सातला! त्या बसला काय ववाळायचं? आन् माघारी चारला. दोनला सुटलेल्या बायका दोन तास नाक्यावर काय माशा मारत बसतील?"

"पूर्वी सहाची गाडी होती म्हणे..."

"हुती. बेस हुती. मदीच बंद झाली. रोज अंधारात थांबून थांबून कट्टाळलो आन् चालाया लागलो. मग म्हणं पुन्ना सुरू झाली हुती. आमाला कुणी सांगितलं? आमी पाचलाच चालत सुटायचो. कळंस्तवर बंदबी झाली!"

पलीकडं दगडावर पेपर हलायचा थांबला...

कौसाबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. "चला. अजून पाऊण तास हाय." आणि ती तशीच, कोरड्या घशानं, खाणमाळच्या रस्त्याला लागली.

शाल्मली तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग वहीच्या कडेच्या रेघा मोजल्या. अडतीस... एकेचाळीसचा आकडा तिला आठवला आणि कानशिलं तापली. नाक्यावरची सकाळची ती झुंबड कुठून येते, हे तिला आत्ता कळत होतं.

घसा सुकला होता. ती कट्ट्यापाशी गेली, झाकण उचललं. रांजण काठोकाठ भरलेला. गारवा तोंडावर आला. तिनं हात पुढं केला... आणि तो काठावरच थांबला. सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात हात कसा घालायचा? तिनंही इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि झाकण ठेवून दिलं.

मग तिचं लक्ष खोडाकडे गेलं. खिळा रिकामा होता. दोन तास ती त्या खिळ्याच्या समोर बसली होती.

"चाचा, ओगराळं कुठंय?"

चाचानं कापडी पिशवीत हात घालून ते बाहेर काढलं.

शाल्मलीचा संताप संताप झाला. "तुम्ही लपवून ठेवलंत? अहो, त्या बायका तशाच गेल्या! एवढ्या उन्हात! ती म्हातारी... तिचे पाय पाहिलेत का? शोभतं का हे तुम्हाला?"

"नाही शोभत," चाचा म्हणाला. "आता जाणार आहे खाणमाळला. घरोघरी जाऊन माफी मागणार."

त्याचा आवाज बसका होता. तोही दोनपासून पाणी प्याला नव्हता, हे तिच्या आता लक्षात आलं.

"किती जण प्याले?" त्यानं विचारलं.

तिनं वहीकडे पाहिलं.

"शून्य."

"खोटं आहे का?"

तिनं वही मिटली.

"बोल बेटा."

"खरं आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

चाचानं ओगराळं बुडवलं. या वेळी तिनं न सांगता ओंजळ पुढं केली. ती प्यायली, पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायली. मग तिनं त्याच्या हातातून ओगराळं घेतलं आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

चार वाजले. खाणमाळची बस आली आणि धुरळा उडवत त्यांच्या समोरून गेली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि रिकामी बाकं.

"तू म्हणशील त्याला हो म्हणेन, असं बोललो होतो," चाचा म्हणाला. "सांग."

"तो अहवाल मी फाडणार आहे. सहाची गाडी मागणार. आणि दुपारी अडीचची." ती थांबली. "पण चाचा, समितीला आकडा लागतो. ते विचारतील, गाडी सोडली तर किती जण चढतील? आज एकही तिकीट नाही. जे चढलेच नाहीत, ते मी आधी मोजू कशी?"

चाचानं ओगराळ्याकडे बोट केलं. ते अजून तिच्याच हातात होतं. मग खिळ्याकडे बोट केलं.

"आधी ते जागेवर लाव."

तिनं ते लावलं. नाक्याच्या बाजूनं दोन बायका येताना दिसत होत्या, उशिरा सुटलेल्या असाव्यात. शाल्मलीनं चटकन वही उचलली, नवं पान उघडलं, पेन्सिल सरसावली.

चाचानं पिशवी खांद्याला अडकवली, चपला घातल्या आणि खाणमाळच्या रस्त्यानं दहा पावलं गेला. मग थांबला. वळला. तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे त्यानं बराच वेळ पाहिलं...

"मोजायची घाई करू नकोस, बेटा," तो म्हणाला. "मी तीनच दिवस थांबलो होतो."