हौसाची हाक

हौसाला सगळ्यात आधी खटकली ती झेंडूची माळ. रथाच्या शेंड्यावरून सोडलेली, मधल्या खांबाला लागून लोंबणारी. त्या सकाळी वारा पडला होता, तरी ती खांब सोडून वीतभर नदीकडे लोंबत होती. माळ सरळच होती. कलला होता तो रथ.

ही गोष्ट कैक पिढ्यांपूर्वीची, आंबेटेकची. रामजी सुताराची लेक हौसा पान हललं तरी दचकायची. बायका चिडवायच्या, "हौसे, सावलीला विचारून पाऊल टाकतेस का गं?"

गावाची रीत अशी, की नवस फेडला की रथावर पितळी घंटा चढवायची, आणि तीही आधीच्या घंटेच्या वर. देवाला दिलेलं खाली कसं ठेवायचं? वर्षामागून वर्षं रथ उंच होत गेला. चाकं मात्र होती तेवढ्याच अंतरावर राहिली.

हौसाने लाकडाचा इवला रथ केला, वर मातीचे गोळे चिकटवले, फळी तिरपी करून पाहिलं. मग ती पाटलांकडे गेली. "ओझ्याला बेंबी असते, पाटील. तिथून सोडलेला दोरा दोन्ही चाकांच्या मधे पडला, तर वजनच रथाला सावरतं. बाहेर पडला, की तेच वजन त्याला लोटतं. घंटांनी बेंबी फार वर गेलीय. निम्म्या खाली बांधा."

"देवाच्या घंटा? चाकांपाशी, चिखलात?" पाटील हसले.

बापही म्हणाला, "पोरी, बारा वर्षं रथ आवरायला चाकाखाली मोगरीची पाचर मीच ठोकतोय. गप बस."

संध्याकाळी रथ निघाला, तेव्हा ती चाकांवर डोळा ठेवून सोबत चालली.

वळणावर रस्ता नदीकडे कललेला. खालच्या अंगाला रामजी चाकाखाली मोगरीचं लाकूड सारत होता, आणि वरच्या अंगाचं चाक बोटभर उचललं गेलं. ते एकट्या हौसाला दिसलं. झुरळाला भिणारी ती पोर रथाच्या वरच्या अंगाला बाहेर आलेल्या आडव्या वाशावर चढली आणि बाहेर, आणखी बाहेर, टोकाकडे सरकत गेली. बापानेच शिकवलं होतं, लांब टोकावरची चिमणी जवळच्या घारीला उचलते. असं म्हणतात, एकशेएक घंटांचा रथ त्या काटकुळ्या पोरीने तोलून धरला. असं म्हणतात, तेवढा वेळ सूर्यही डोंगराआड जायचा थांबला.

"या रे! माझ्या अंगाला कुणीतरी या!"

दोन माणसं पुरली असती. पण ढोल वाजत होते, आणि लोक म्हणाले, "भ्याली बघा हौसा!"

फक्त रामजीने मान वर केली. तो चाकाखालून निसटला, वरच्या अंगाला धावला. दोन पावलं कमी पडली. रथ नदीकडे उलटला, वासा आभाळाकडे उठला आणि गोफणीतल्या खड्यासारखी हौसा नदीपार भिरकावली गेली. ती सापडली नाही. असं म्हणतात, तिच्या केसांतला झेंडू तेवढा सापडला.

आता आंबेटेकचा रथ बुटका आहे. घंटा चाकांपाशी बांधतात. त्या चिखलाने माखतात आणि खालून वाजतात. वळणावर रथ थांबतो, ढोल थांबतात. वाशाच्या टोकाला गावातली सगळ्यात भित्री पोर बसवतात. ती थरथरत हाक घालते, "या रे! माझ्या अंगाला कुणीतरी या!"

आणि अख्खं गाव हातातले दोर टाकून वरच्या अंगाला धावतं, "आलो गं हौसे, आलो!"