मुलाणी सरांची फक्की

“म्हणजे तुम्हीसुद्धा असंच म्हणणार का, सर? की सगळा पैसा पाण्यात गेला?”

दिनकर थिटे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

मुलाणी सर वाकून मैदानावर फक्की मारत होते. हातात वनस्पती तुपाचा जुना डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं. डबा हलवत एक एक पाऊल मागं जायचं, की समोर चुन्याची पांढरी रेघ उमटत जायची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी हे चालूच होतं.

“सर...”

“ऐकतोय रं. कंबर वाकलीय, कान नाही.”

मुंबईत ज्यांच्या केबिनबाहेर माणसं ताटकळत बसतात, ते थिटेसाहेब नीरेकाठच्या त्या गावात काळे बूट धुळीत घालून निमूट उभे राहिले. इलाजच नव्हता. या माणसासमोर ते आपोआप सातवी ब मधले दिनकर होत असत.

चार वर्षांपूर्वी राज्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या, त्या थिटेसाहेबांनी भरवल्या. पन्नासच्या वर देश आले. स्टेडियम बांधलं, रस्ते झाले, आतषबाजी झाली. आता त्याहून मोठ्या स्पर्धा मागायच्या होत्या. फाइल त्यांच्या टेबलावर पडून होती. सोमवारी तिच्यावर त्यांचं मत जायचं होतं, आणि वरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, थिटे म्हणतील तसं.

पेपरवाले वाटेल ते लिहीत होते. ते एक वेळ सोसलं असतं. पण परवा सख्ख्या बहिणीनं फोनवर विचारलं, “अण्णा, तेवढ्यात आपल्या दवाखान्याला डॉक्टर नसता का आला?”

ते लागलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं. जन्मात एकच मोठं काम हातून झालं, आणि तेच चुकलं की काय?

म्हणून ते गुरूकडे आले होते. खरं सांगायचं तर विचारायला नव्हे, ‘शाब्बास’ ऐकायला.

“सर, एशियाड आठवतंय?”

डबा थांबला.

“ब्याऐंशीचं?” सरांनी मान वर केली. डोळे लगेच हसले. “जिनिंगवाल्या शहांचा टीव्ही!”

“आणि बांबूवरची अँटेना!”

“ती धरून कोण उभं होतं? गावड्यांचा तुका. वाऱ्यानं हलली की पळणारी माणसं गायब. नुसत्या मुंग्या. सगळं गाव ओरडायचं, तुका, डावीकडं!”

“त्याला बिचाऱ्याला एक शर्यत दिसली नाही, सर.”

दोघंही पोट धरून हसले. हसता हसता सर मैदानाच्या कडेला दगडावर टेकले. दिनकरही शेजारी बसला. इस्त्रीच्या पॅन्टची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. काय दिवस होते ते! ओटीवर शंभर माणसं, खिडकीत लोंबकळणारी पोरं, शहांच्या बाईंनी सगळ्यांना वाटलेले चुरमुरे. आणि त्या एवढ्याशा काचेत, दूर दिल्लीत, कुणीतरी जिवाच्या आकांतानं पळत होतं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं होतं?” सरांनी विचारलं.

“सगळी पोरं मैदानावर. पन्नास तरी असतील.”

“थंडी मरणाची. आणि पहिला कोण आला होता?”

“मी,” दिनकर म्हणाला. “अनवाणी.”

चाळीस वर्षांपूर्वीचं ते दव त्याला तळव्यांना लागलं. मग साहेब जागे झाले आणि त्यांनी मुद्दा धरला.

“तेच तर म्हणतोय मी, सर! तेव्हाही लोक म्हणालेच असतील, कशाला हा खर्च. पण एशियाड झालं नसतं तर मी आज कुठं असतो? वडिलांबरोबर गुऱ्हाळात चिपाडं वाळत घालत असतो. मग चुकलं काय माझं?”

“बरोबर आहे तुझं.”

“बरोबर आहे?”

“अगदी बरोबर.”

दिनकरला इतकं हलकं वाटलं, की तो उठून उभाच राहिला.

सरांनी डबा त्याच्यापुढं धरला.

“राहिलेली तू मार.”

“मी?”

“नियम विसरलास व्हय?”

या मैदानाचा एक नियम होता. सरांनी तो कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. जो शर्यत जिंकेल, त्यानं पुढच्या शर्यतीची फक्की मारायची. बक्षीस काय, तर डबा! दिनकरनं सातवीचं अख्खं वर्ष तो डबा हलवला होता. संध्याकाळी घरी गेला की आई म्हणायची, “दळणाच्या गिरणीत लागलास का रे?”

“पण सर, आज मी कुठली शर्यत जिंकलोय?”

“पन्नास देश पळवलेस की. बूट काढ, चुना लागंल.”

दिनकरनं बूट काढले, मोजे काढले, पॅन्ट दुमडली. पहिली दोन हात रेघ वाकडी गेली. मग मनगटाला जुनी सवय आठवली आणि डबा आपसूक डोलायला लागला. शंभर मीटर. एक पट्टा, दुसरा, तिसरा. घाम आला. मंत्रालयात इतक्या वर्षांत असं सुख लाभलं नव्हतं त्याला. शेवटी कमरेवर हात ठेवून त्यानं मागं वळून बघितलं. सुतात धरल्यासारख्या सरळ रेघा!

“हात गेला नाही तुझा,” सर म्हणाले.

एवढ्यात फाटकातून गलका आला. दहा-बारा मुली, कुणाच्या पायात स्लीपर, कुणी अनवाणी. स्लीपरा भिरकावल्या आणि सुटल्या. पट्टा नाही, बिट्टा नाही. सरळ रेघांवरून!

“ए! ए पोरींनो! थांबा!” दिनकर हात पसरून धावला. “दिसत नाही का? आत्ता मारलीय! सगळी पुसून टाकताय!”

मुली जागच्या जागी थबकल्या. एकीचा तर पाय वरच राहिला. सगळ्या सरांकडं बघायला लागल्या.

सर दिनकरकडं बघत होते.

मग सरांनी नुसता हात हलवला. मुली पुन्हा सुटल्या. चुन्याची पांढरी धूळ उडाली. तीन पट्ट्यांचा बघता बघता काला झाला, आणि पलीकडच्या लाल मातीत पांढरी पावलं उमटत गेली.

दिनकर डबा घेऊन उभाच. त्याला स्वतःचाच राग आला, आणि का आला ते कळेना.

“सर,” तो परत येऊन म्हणाला, “आता सरळ सांगा. सोमवारी मी काय लिहू? हो, की नाही?”

सर मुलींकडं बघत होते.

“तुझ्या त्या स्टेडियमचा ट्रॅक कसला रं? लाल?”

“निळा. परदेशातून मागवलेला. पायाखाली असा लागतो, सर, की माणसाला पळावंसंच वाटतं.”

“चार वर्षं झाली. झिजला असंल आता.”

“छे!” दिनकरची छाती जुन्या सवयीनं पुढं आली. “झिजतोय कशाला? स्पर्धा संपल्या, त्याच संध्याकाळी मी फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या ऑफिसात. माझ्या सहीशिवाय आत कुणाचं पाऊल पडू दिलं नाही. पेपरवाल्यांना म्हणावं, या, येऊन बघा! आजही बघाल तर...”

तो थांबला.

मुली वळसा घालून परत येत होत्या. त्यांचे श्वास इथवर ऐकू येत होते.

“आजही बघितलं तर?” सरांनी विचारलं.

त्यानं डबा हळूच खाली ठेवला.

“नवा आहे, सर,” तो म्हणाला. “अगदी कोरा.”

दुःखाच्या घरी गेल्यावर ठेवतात, तसा सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“अरेरे...” ते म्हणाले. “वाईट झालं रं, दिनकर.”